चौकट क्रमांक सतरा

फेब्रुवारीत मोजलं तेव्हा या चौकटीत
वाळकं गवत होतं, नुसतं गवत,
आणि एक गोगलगाय, दार लावून घेतलेली.
केतकर मॅडमनी लिहून घेतलं.
मी लोखंडी चौकटीचं दुसरं टोक धरतो,
दिवसाचे चारशे, चहा वेगळा.

एकोणीस मार्चच्या रात्री
चाळकेवाडीच्या सड्यावर
पवनचक्क्यांचे लाल दिवे उघडझाप करत होते
आणि त्यांच्या खाली एक लाल रेघ
दावं सुटलेल्या म्हशीसारखी
चरत चरत निघाली.
वारा पडलेला.
शिंगाडे गार्डांनी ओल्या डहाळ्यांनी झोडपलं,
मीही झोडपलं.
जाळरेषेपाशी येऊन ती आपणच बसली.

सकाळी पंचनामा.
कारण : अज्ञात.
नुकसान : गवत, अंदाजे नऊ हेक्टर.
पंच म्हणून माझी सही.
सरड्यांना रकाना नव्हता.
राखेवर कोतवाल उतरले होते टोळ टिपायला,
न बोलावता पंगतीला बसल्यासारखे.
आठव्या दिवशी टिटवीनं तिथंच चार अंडी घातली,
जळक्या दगडांत चार दगड.
तिला लांबवरचं दिसावं लागतं.

मॅडमनी मातीत बोट खुपसलं.
दोन पेरांवर गार.
तिथं चवराचा कंद निजलेला,
वरच्या रात्रीची त्याला खबरच नाही.

भाद्रपदात सतरामध्ये चौदा जाती.
गेंदाच्या पांढऱ्या गुंड्या, सीतेची आसवं,
कवला पिवळाजर्द,
बाकीची नावं मॅडमच्या वहीत.
कुंपणाआड चौकट चार :
सात वर्षं ना खूर, ना काडी.
कमरेइतकं गवत, त्याखाली गेल्या सालचं,
त्याखाली त्याच्याही आधीचं.
जाती तीन.
गवतानं गवतालाच पुरलंय, मी म्हणालो.
मॅडमनी ते लिहिलं नाही.

पण राईच्या कडेची बावीस नंबर.
तिथली आग मेच्या दुपारची,
कुणाच्या तरी सहलीच्या चुलीतून उठलेली
आणि वाऱ्यावर बसून आलेली.
अंजनीची रोपं उभ्या उभ्या कोळसा.
पावसाळ्यात तिथं रानमोडी, फक्त रानमोडी.
राई दोन पावलं मागं सरली.
ती दोन पावलं परत यायला
आपल्यापैकी कुणी नसेल बघायला.

"आग चांगली की वाईट?" मॅडमनी
धनगरवाड्यावर बमू आखाडेला विचारलं.
म्हातारा हसला.
"कुठली आग?
कुठल्या म्हयन्यातली? कुठल्या वाऱ्याची?
तिच्या मागनं म्हशी येणार व्हत्या का न्हाई?
आमचा बा एक तुकडा यंदा लावायचा,
शेजारचा तिसऱ्या साली.
राईत काडी न्हाई, तितं देव बसलाय.
समदा डोंगर एकदम काळा म्या बगितला न्हाई,
एकदम हिरवा बी न्हाई."

सड्याची राख तारळीतून कृष्णेत जाते.
खाली भिलवडीला माझी बहीण.
मागल्या पुरात तिच्या पत्र्याला पाणी लागलं,
फोनवर रडत होती, शब्द कळत नव्हते.
थंडीत मळीतली वांगी घेऊन आली,
तुकतुकीत, पिशवीभर.
रडणं खरं होतं.
वांगीही.

त्या मार्चमध्ये बमूच्या कोपरीला
धुराचा वास येत होता.
पण त्या दिवशी तो आम्हा सगळ्यांनाच येत होता,
शिंगाडे गार्डांनासुद्धा.

आता खुंटीवरचा रंग पुन्हा द्यायचाय.
मी एक काढतो, मग सात,
साताचा फराटा जरा खाली ओघळतो.
मॅडम विचारतात, यंदा इथं काय करायचं?
गवत घोट्याला लागलंय.
मी वारा कुठून आहे ते बघतो.